धाकटीचं विरजण

नाकदादांना नाकदादा सगळे तोंडावरच म्हणायचे, पाठीमागे नाही. शेडमधली कामाची माणसं म्हणायची, फळांच्या गाड्या घेऊन येणारे म्हणायचे, आणि रागावली की बायकोही म्हणायची. दिसायला ते नाक काही खास नव्हतं, जरा बसकंच होतं. पण पिंपाचं झाकण उचलून ते एकदा आत डोकावले की सांगायचे, अजून थोडं थांबा, किंवा आत्ताच्या आत्ता बिया धुवायला पाण्यात काढा, नाहीतर कॉफी हातची जाईल. चूक सहसा व्हायची नाही. झालीच तर ते कबूल करायचे नाहीत, ही गोष्ट वेगळी.

लोकांना वाटतं कॉफीला चव भाजल्यावर येते. कसलं काय! अर्धी चव त्याच्या कितीतरी आधी ठरलेली असते. कॉफीचं लाल पिकलेलं फळ सोललं की आतल्या बिया बुळबुळीत गराने माखलेल्या निघतात. त्या पिंपात भरून आंबवायच्या. डोळ्यांना न दिसणारे जीव तो गर खातात आणि खाता खाता बियांमध्ये चव ठेवून जातात. चांगले जीव असले तर फुलाची, पिकल्या फळाची. भलतेच शिरले तर शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, आणि त्याहून भलते शिरले तर कुजक्या कांद्याची. घरासारखंच आहे ते. आत कोण येऊन बसतं, त्यावर सगळं.

नाकदादांच्या शेडमध्ये एक नियम होता. पिंप उघडलं की आधी दादा वास घेणार, मग बाकीचे घेणार, पण दादा बोलल्याशिवाय वासाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. चव घेतानाही तेच. ऐकायला हुकूमशाही वाटते, पण नियम उगीच नव्हता. फार पूर्वी एका कामगाराने पिंपात डोकावून सहज म्हटलं होतं, रबर जळल्यासारखा वास येतोय. झालं! पाठोपाठ सगळ्यांना रबराचाच वास यायला लागला. ते अख्खं पिंप ओतून टाकलं. ओतल्यावर दादांनी मूठभर बिया धुऊन वाळवल्या, भाजून त्यांची कॉफी प्यायली, तर तसली कॉफी त्या शेडमधून आधी कधी निघाली नव्हती. माणसाचं नाक दुसऱ्याच्या तोंडाचं फार लवकर ऐकतं. तेव्हापासून सगळ्यांची तोंडं बंद.

फक्त धाकटी हा नियम पाळायची नाही. धाकटी म्हणजे दादांची लेक, शेंडेफळ. झाकण उघडतंय न उघडतंय तोच ती बोलून मोकळी. बाबा, हे आंबलंय. बाबा, हे काय मस्त लागलंय. दादा डोळे वटारायचे, ती जीभ चावायची, आणि पुढच्या पिंपाला पुन्हा तेच. दादांची धाकटी बहीण शेडमध्ये बिया धुण्याचं काम बघायची. तिला सगळे आत्याच म्हणत. ती म्हणायची, या पोरीच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. दादा वरवर रागवायचे. मनातून त्यांना त्या पोरीचा इतका अभिमान होता की बोलायची सोय नाही.

धाकटी शिकायला गेली तीही सूक्ष्मजीवांच्या शास्त्रात. घरी कुणाला धड कळलं नाही हे काय असतं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही नाकाने ज्यांना ओळखता ना, त्यांना मी डोळ्यांनी बघणार आहे. सुट्टीत यायची तेव्हा आपल्याच मळ्यातल्या झाडांची पिकलेली फळं घेऊन त्यांच्या साली प्रयोगशाळेत न्यायची. तिथे काचेच्या ताटल्यांवर त्या सालींवरचे जीव वाढवायचे, एकेक निराळा करायचा, थोड्या थोड्या बियांवर लावून बघायचा. थोरला, म्हणजे तिचा भाऊ, चिडवायचा की या बाईने जंतू पाळलेत, लोक कुत्री पाळतात. कितीएक वाया गेले. शेवटी एक सापडला, यीस्ट जातीचा. ते यीस्ट पिंपात घातलं की कॉफीत आधी फुलाचा वास यायचा, मग पिकलेल्या फळाचा आणि घोट गिळल्यावर मागे मध राहायचा. त्या दिवशी दादा कपावर वाकले आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. धाकटीही बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा नियम पाळला पोरीने.

ते यीस्ट तिने एका काचेच्या बरणीत भरून घरी आणून ठेवलं. ती बरणी म्हणजे धाकटीचं विरजण. रोज थोडं साखरेचं पाणी उकळून, निववून त्यात घालायचं. हंगाम नसला तर फ्रिजमध्ये झोपवायचं, हंगाम आला की जागं करायचं.

मग धाकटी आजारी पडली आणि गेली. काय झालं, कसं झालं, ते सांगून काय करायचंय. तरणीताठी पोर गेली. तिच्या आईने कपडे वाटून टाकले, पुस्तकं कॉलेजला दिली. बरणी राहिली. दादांनी ती फ्रिजमध्ये न झोपवता स्वयंपाकघरातल्या खिडकीशेजारच्या फळीवर आणून ठेवली आणि त्या दिवसापासून तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. सकाळी उठून आधी बरणी उघडायचे, वास घ्यायचे आणि मग चूळ भरायचे. ते यीस्ट एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं वाढत होतं. त्यांच्या हिशेबाने ती साखळी धाकटीच्या हातून निघाली होती आणि अजून तुटलेली नव्हती. तिच्या हातचं जिवंत असं जगात एवढंच उरलं होतं.

प्रयोगशाळेतून एकदा फोन आला होता. तिच्या यीस्टच्या नळ्या बर्फात ठेवलेल्या आहेत, आम्हाला जागा हवीय, त्यांचं काय करू, असं एक मुलगी अगदी अदबीने विचारत होती. दादा छाती फुगवून म्हणाले की टाकून द्या, आमच्या घरी ते जिवंत आहे, गोठवलेलं घेऊन काय करू? थोरला तिथेच होता. त्याला वाटलं, एखादी नळी असू द्यावी. पण बापापुढे बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती.

पुढच्या हंगामाच्या बऱ्याच आधी दादांना ताप आला. साधाच होता, उतरलाही. उतरल्यावर ते शेडमध्ये गेले आणि भाजणीच्या यंत्रापाशी उभे राहिले. बिया भाजत होत्या आणि ते बघत होते. धूर डोळ्यांत गेला तेव्हा त्यांना कळलं की बिया जळाल्यात. जळक्या कॉफीचा वास दारापर्यंत गेला होता, आत्या पळत आली होती, आणि दादांच्या नाकाशी काहीसुद्धा नव्हतं. ते म्हणाले की उभ्या उभ्या डोळा लागला.

घरी येऊन त्यांनी साबण हुंगला. लसूण ठेचून हुंगला. रॉकेलचं बूच काढून हुंगलं. काही नाही. पाणी हुंगावं तसं. शेवटी धाकटीची बरणी उघडली आणि तिच्यावर तोंड धरून ते बसून राहिले. डॉक्टर म्हणाले, कधीकधी येतो परत, कधीकधी नाही येत, वाट बघा. दादांनी वाट बघितली. आणि हे कुणालाही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

का नाही सांगितलं? लोक पुढे म्हणाले की अहंकार. होता ना, अहंकार होताच. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, नाक गेलं म्हणून कसा सांगेल? पण खरं कारण बरणी होती. थोरला केव्हापासून म्हणत होता की बाजारात पाकिटातलं यीस्ट मिळतं, रोज खायला घालायची भानगड नाही, प्रत्येक पिंप सारखं निघतं. त्याचं काही चूक नव्हतं. दादांचं नाक होतं तोवर हा विषय निघाला की मिटायचा. नाक गेलंय म्हटल्यावर शेड थोरल्याच्या हातात जाणार, पाकिटं येणार, आणि बरणी कुणीतरी एक दिवस विसळून त्यात लोणचं भरणार. त्या भीतीने ते गप्प बसले. बरणी वाचवायला गप्प बसले, हे लक्षात ठेवा.

बरणीच्या झाकणात एक रबरी चकती होती. ती जुनी होऊन तिला बारीकशी चीर गेली. चिरेतून हवा आत जायला लागली आणि हवेबरोबर शिरायचे ते भलते जीव शिरले. आधी वास जरासा आंबट झाला. नाक शाबूत असतं तर दादांनी पहिल्याच सकाळी ओळखलं असतं, चकती बदलली असती, वरचं ओतून तळातलं चमचाभर घेऊन स्वच्छ बाटलीत नव्याने वाढवलं असतं. असं धाकटीने त्यांना शिकवून ठेवलं होतं आणि एकदा दोघांनी मिळून केलंही होतं. आता दादा फक्त बुडबुडे बघत होते. बुडबुडे येत होते. साखर घातली की फेस चढायचा, आणि दादा समाधानाने झाकण लावायचे. जिवंत होतं, खरंच जिवंत होतं. धाकटीचं नव्हतं, एवढंच.

आणि घरात बाकीच्यांना नाकं नव्हती का? होती की. बायकोला स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या कळलं होतं. तिला वाटलं, यांना कळल्याशिवाय राहिलं असेल का? यांच्याने टाकवत नाहीये. पोरीचं आहे, राहू दे बापडं, आपण कशाला डोळ्यांत बोट घालायचं? म्हणून ती खिडकी उघडी ठेवायची आणि काही बोलायची नाही. थोरल्याला वाटलं, बाबा मुद्दाम काहीतरी नवीन करतायत, आपण तोंड उघडलं की म्हणतील तुझं पाकिटवेड पुन्हा सुरू झालं. आत्याला वाटलं, दादाला कळतं. दादाला कळत नाही असं कधी झालंय का? जो तो आपापल्या परीने दादांचं मन राखत होता.

हंगाम सुरू झाला. पहिली फळं सगळ्यांत गोड असतात, उंचावरच्या झाडांची. ती सोलून पिंपं भरली आणि दादांनी स्वतःच्या हाताने विरजण घातलं. सकाळी झाकणं उघडली. दादा वाकले, डोळे मिटले, नेहमीसारखा लांब श्वास घेतला. मग सगळ्यांनी वास घेतला. आत्या नंतर सांगत होती, तिला उलटी येता येता राहिली. पण तिने पदराने तोंड पुसलं आणि दादांकडे बघितलं. दादांनी बिया मुठीत घेऊन चोळल्या. गर सुटला की बिया खडबडीत लागतात, तेवढं हाताला कळतं. ते म्हणाले, छान आहे, काढा. सगळ्यांनी माना हलवल्या आणि बिया पाण्यात काढल्या.

त्या बिया वाळल्या, भाजल्या, आणि कॉफी विकत घेणाऱ्या बाई चव बघायला आल्या. या बाई धाकटीच्या वेळेपासून यायच्या. धाकटी गेल्यावर त्या मुद्दाम भेटायला येऊन गेल्या होत्या. शेडच्या मागच्या खोलीत लांब टेबल होतं. त्यावर कप मांडले, थोरल्याने गरम पाणी ओतलं. बायकोही येऊन दाराशी उभी राहिली, कारण या कॉफीवर धाकटीचं नाव घालायचं असं दादांनी ठरवलं होतं. पोत्यांवर लिहायला रंगसुद्धा आणून ठेवला होता.

सगळ्यांनी चमच्याने घोट घेतले. बाईंनी घेतला आणि शेजारच्या भांड्यात थुंकला. त्यात वावगं काही नाही, चव घेणारे थुंकतातच. दुसरा घोट मात्र त्यांनी घेतला नाही. त्यांना शेडचा नियम माहीत होता. चमचा हातात धरून त्या दादांकडे बघत राहिल्या. थोरला कपात बघत होता. आत्या जमिनीकडे बघत होती.

दादांनी मोठा आवाज करत घोट ओढला. जिभेला कडू लागलं, थोडं आंबट लागलं. कॉफी कडू आणि थोडी आंबट असतेच. त्यांनी डोळे मिटले आणि पाठ केलेला धडा म्हणावा तसं ते म्हणाले, "आधी फूल आहे. मग पिकलेलं फळ. आणि शेवटी मध."

टेबलावरच्या किटलीतली वाफ तेवढी वर जात होती. दादांनी डोळे उघडले आणि एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्यांची बायको दारातून आत आली. त्या टेबलापाशी ती जन्मात कधी बोलली नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला वासच येत नाही ना?"

दादांनी चमचा खाली ठेवला. आयुष्यभर कमावलेलं सगळं त्या एका वाक्यात गेलं, पण त्यांना त्या क्षणी त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून?"

स्वतःच्या नाकाबद्दल ते विचारत नव्हते. बायकोला बरोबर कळलं. ती म्हणाली, झाडांना फुलं यायच्या आधीपासून. तेव्हा नुसतं आंबट होतं. म्हणजे तेव्हा वाचलं असतं. तळातलं चमचाभर घेऊन वाचलं असतं. दादा मनात मागे मागे जात राहिले. कितीतरी सकाळी त्यांनी बरणी उघडली होती, आणि त्या प्रत्येक सकाळी बायको पाठीमागे उभी होती. "मला वाटलं तुम्हाला कळलंय," बायको म्हणाली.

बाई गेल्या. जाताना वाईट काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. थोरल्याने कुणाला न विचारता प्रयोगशाळेला फोन लावला. पलीकडच्या माणसाने शोधून सांगितलं की त्या नळ्या तुमच्याच सांगण्यावरून टाकल्या होत्या. तोही चांगला माणूस होता. सॉरी म्हणाला. थोरल्याने ही गोष्ट बापाला सांगितली नाही, पण दादांना ती सांगायला नकोच होती. फोन कुणी घेतला होता ते त्यांना आठवत होतं.

दुपारी दादा स्वयंपाकघरात आले आणि बरणी बायकोसमोर ठेवून म्हणाले की नीट बघ, तळाशी काही राहिलंय का, थोडासुद्धा. तिने झाकण काढलं. घाण वास होता, तरी तिने तोंड फिरवलं नाही. बरणी तिरकी करून, चमचा पार बुडाला लावून ती पुन्हा पुन्हा हुंगत राहिली. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. जीभ वळली नाही.

"नाही हो," ती म्हणाली. "काही नाही."

मग त्यांनी तिला विचारलं, आधी कसा यायचा ग वास? ती सांगायला लागली. पिकलेल्या पेरूसारखा यायचा, जरासा ओल्या गवतासारखा, पोरीच्या ओढणीला यायचा तसा. दादा ऐकत होते. शब्द सगळे कळत होते. पेरू म्हणजे काय ते माहीत होतं, ओढणी कोणत्या रंगाची तेही डोळ्यांसमोर होतं. पण वास आठवेना. कितीही आठवला तरी येईना. नाकाबरोबर आठवणीतलाही गेला होता, हे त्यांना त्या दुपारी कळलं. ते मोठ्याने रडायला लागले, आणि बायकोने त्यांना रडू दिलं. बरणी तिनेच मागच्या दारी नेऊन ओतली.

फळं काही कुणासाठी थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या, सोलणीचं यंत्र चाललं, पिंपं भरली. थोरल्याने पाकीट फोडलं. फोडताना त्याने बापाकडे बघितलं नाही, आणि इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळाल्याचा त्याला काडीचा आनंद झाला नाही.

सकाळी झाकण उघडलं तेव्हा सगळे पिंपाभोवती जमले. सवय. दादा लांब खुर्चीवर बसले होते, पण त्यांच्यासाठी जागा सोडून सगळे उभे राहिले. कुणीच बोलेना. दादा म्हणाले की आता माझं काही राहिलं नाही, तुम्हीच सांगा. थोरल्याने आत्याकडे बघितलं, आत्याने थोरल्याकडे. दोघांनीही वास घेतला होता. दोघांनाही काहीतरी वाटलंच असणार. दादा पुन्हा म्हणाले, बोला ना रे, कुणीतरी बोला. पण ओठ मिटून उभं राहायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि इतकी वर्षं शिकवलेलं एका दिवसात कसं जाईल? त्या शेडमध्ये न विचारता बोलणारी एकच होती.

शेवटी आत्या म्हणाली, "दादा, तूच सांग ना आधी."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दादा उठले. पिंपापाशी आले, वाकले, डोळे मिटून लांब श्वास घेतला. नाकात थंड हवा गेली, बाकी काही नाही.

"छान आहे," ते म्हणाले. "अजून थोडं थांबा."

आणि सगळे थांबले.